बैलाच्या पापण्या

या वहीतली आतापर्यंतची प्रकरणं मी क्रमाने लिहिली आहेत. जन्म, शाळा, दोन भाऊ, वर्ध्याचं कॉलेज, तिथलं वसतिगृह. यानंतर नियमाने माझ्या लग्नाचं प्रकरण यायला हवं आणि त्याची टिपणंही तयार आहेत. पण परवा व्हिडिओ कॉलवर ओजसने विचारलं, "आजी, मी खरंच स्वतःच्या पापण्या कापल्या होत्या का, की सई उगाच सांगते?" आणि मागून सई ओरडली, "एकाच डोळ्याच्या!" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्याच्यावर हे सगळं गुदरलं त्यालाच ते आठवत नाही, आणि जिला आठवतं ती त्यात मीठ-मसाला घालून सांगते. म्हणून क्रम मोडून हे मध्येच लिहून ठेवते. मोठं होण्याच्या भागातच ते बसतं. त्या सुट्टीत आमच्या सिंदीच्या घरात तिघं जणं वाढत होती. दोन तुम्ही. तिसरी सदुसष्ट वर्षांची होती.

वाचताना गोंधळ नको, म्हणून तुम्हा दोघांना मी नावानेच लिहिणार आहे. तेव्हा सई नऊ वर्षांची होती आणि ओजस सहा. तुमच्या आईची परीक्षा होती, बाबांची बदली होती, आणि कॅनडातल्या शाळेला लागलेली दोन महिन्यांची सुट्टी आमच्या वाट्याला आली. आजोबा तुम्हाला नागपूरच्या विमानतळावरून घेऊन आले. गाडी दारात थांबली तेव्हा अर्धी गल्ली आमच्या अंगणात उभी होती. आधी सई उतरली, तिची उंची मोजली गेली. मग ओजस उतरला, झोपेतून उठलेला, आणि त्याने वर पाहिलं. त्याच्या पापण्या इतक्या लांब आणि दाट होत्या की डोळे मिटले की गालावर सावली पडायची. शेजारची काकू म्हणाली, "अगं माय, पोट्ट्याच्या पापण्या पाहा वं!" तिची सून म्हणाली, "काजय लावलं का याले?" दूधवाला म्हणाला, "पोरीसारखे डोये हायेत." असं पाच-सहा जणांनी काही ना काही म्हटलं. ओजस आजोबांच्या पायामागे गेला आणि मी सगळ्यांना चहा ठेवला.

दिवसाचं वेळापत्रक मी तुम्ही यायच्या आधीच करून फ्रिजवर लावलं होतं. सहाला उठणं, सातला दूध, आठला आजोबांबरोबर फिरणं, नऊला मराठी शुद्धलेखन. वेळापत्रकाप्रमाणे फक्त आजोबा वागले. जेवायला गोळाभात, झुणका, अंबाडीची भाजी, आणि दुपारी चहाबरोबर वर्ध्याहून आणलेला गोरसपाक. ओजस गोरसपाक दुधात बुडवून ठेवायचा आणि तो विरघळला की शोक करायचा. दुपारी दोन ते चार तुम्हाला टॅबवर कार्टूनचे सिनेमे बघायची परवानगी होती, कारण त्या वेळात मी झोपते. मागच्या बाजूने मालगाडी गेली की भांड्यांचा रॅक खडखडायचा आणि सई आवाज वाढवायची. त्या आवाजाने माझी झोप मोडायची. शेवटी मी झोपायचा नाद सोडला आणि चष्मा लावून तुमच्या मागे येऊन बसले.

छत्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. समोर आलेलं काहीही हातात पेन घेतल्याशिवाय बघायची सवयच नाही. पहिला सिनेमा भाज्यांचा होता. वांगं नायक, त्याचे मित्र बटाटा, गाजर, लसूण, कांदा. पाच पुरुष आणि एक भेंडी. भेंडीला गुलाबी रिबन, लिपस्टिक आणि कपाळापर्यंत गेलेल्या पापण्या. पूर्ण दोन तासांत तिने दोनच कामं केली. "सांभाळून जा" असं चार वेळा म्हणाली आणि फ्रिजमध्ये अडकली. दुसऱ्या सिनेमात राजकन्या होती, तिची कंबर तिच्याच मानेपेक्षा बारीक, आत आतडी कुठे ठेवली असतील हा मला प्रश्न पडला. तिसरा गांडुळांचा. त्यात गांडूळ नवरा आणि गांडूळ बायको, बायकोला अर्थातच पापण्या. आजोबा कृषी खात्यात होते. ते दारातूनच म्हणाले, "काहीच्या काही दाखवून राह्यले हे. गांडुळात नर वेगळा, मादी वेगळी असं नसतंच. एकच गांडूळ दोन्ही असते." सईने सिनेमा थांबवला. "म्हणजे कसं, आजोबा?" आजोबा दोन मिनिटं उभे राहिले आणि मग त्यांना अचानक पाण्याची मोटर आठवली.

मी शंभर पानी वही घेतली, रकाने आखले. सिनेमा, कोण वाचवतो, कोणाला वाचवतात, कोण रडतं, रडणाऱ्याला कोण हसतं. आठ दिवसांत सोळा पानं भरली. मुलग्यांच्या बाजूलाही काही बरं नव्हतं. जो मुलगा घाबरे किंवा रडे, तो एकतर जाडा असे किंवा बोकड असे. आजोबा वही चाळून म्हणाले, "बाई, तू त्यायले सिनेमा दाखवून राह्यली, का सिनेमावाल्याची परीक्षा घेऊन राह्यली?" मी म्हटलं, दोन्ही. मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मी स्टाफरूममध्ये बोलले, तिचा लेखी पुरावा माझ्या हातात होता.

आणि परिणामही डोळ्यांसमोर होता. जी सई पहिल्या आठवड्यात हौदातला बेडूक हाताने धरून आणायची, ती आता झुरळ दिसलं की पलंगावर चढून हात छातीशी घेऊन उभी राहायची. एकदा ती गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसली. ती राजकन्या आणि तिला ओजसने सोडवायचं असं ठरलं होतं. ओजस लाटणं घेऊन जिन्यापर्यंत गेला. पहिल्याच पायरीवर शेजारचा कोंबडा उभा होता. ओजस मागे फिरला. सई तासभर उन्हात वाट बघत बसली, नाक लाल झालं, शेवटी स्वतःच उतरून आली आणि तिने कोंबड्याला पिटाळून ओजसला सोडवलं. मग त्याच्यावर रागावली की खेळ बिघडवलास. (सई, तू आता पूल बांधायचं शिकणार आहेस म्हणे. तो जिना मी अजून तसाच ठेवला आहे.)

सगळ्यांत जास्त घट्ट बसलेला नियम मात्र पापण्यांचा होता. सईनेच तो शोधून काढला होता. "आजी, कोणतीही वस्तू असू दे. किटली असू दे, मासा असू दे. पापण्या असल्या की ती मुलगी." एकदा आजोबा आम्हाला घेऊन समुद्रपूरला चालले होते, वाटेत जामच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो. शेजारी एक ट्रक उभा होता आणि त्याच्या दोन्ही दिव्यांवर कोणीतरी काळ्या रंगाने वळणदार पापण्या काढल्या होत्या. "बघ, हा मुलगी-ट्रक!" सई म्हणाली. खालून भल्या मोठ्या मिशांचा ड्रायव्हर निघाला. त्याने ऐकलं असावं. "हाँ बेटा," तो म्हणाला, "रानी है हमारी." सईने विजयाने माझ्याकडे पाहिलं. मी वही काढून नोंद केली. ओजस कुठे बघत होता ते मी पाहिलं नाही. आता वाटतं, तेव्हा ते बघायला हवं होतं.

त्या वर्षी पोळा लवकर आला, तुमच्या जायच्या आधी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो, तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्यांचे खरे बैल, मुलांचे लाकडी, चाकांवरचे, दोरीने ओढायचे. माझ्या लहानपणी बैल भावांचा असायचा आणि त्याला ओवाळायचं काम माझं. सिनेमे नव्हते. कोणी काय ओढायचं आणि कोणी काय ओवाळायचं हे सांगायला घरात आत्या होत्या. आजोबांनी सुताराकडून ओजससाठी गुडघ्याएवढा बैल करून आणला, पांढरा रंग दिला, शिंगं लाल. सईलाही विचारलं. तिने सांगितलं की ती सजावट करणार आणि मुख्य सूचना देणार. डोळे काढायची वेळ आली तेव्हा तिने काळ्या रंगाचे दोन गोल काढले आणि ब्रश धुतला. ओजसने विचारलं, "पापण्या?" "पापण्या काढल्या तर गाय होईल," सई म्हणाली. ओजस बराच वेळ बैलाच्या गोल डोळ्यांकडे बघत बसला.

कात्री माझ्या घरात एकाच जागी असते. भिंतीवर खिळा, खिळ्याखाली कात्रीची रेघेने काढलेली आकृती, आकृतीखाली नाव. कोणालाही शोधावी लागू नये अशी सोय. ओजसलाही शोधावी लागली नाही. दुपारी चारच्या सुमारास न्हाणीघरातून सईची किंकाळी आली. मी धावले. ओजस स्टुलावर, आरशासमोर, हातात कात्री. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापण्या पार गेलेल्या, बुंध्याशी चार काड्या, आणि बेसिनमध्ये बारीक काळे केस. डावा डोळा जसाच्या तसा. मी त्याच्या हातातून कात्री कशी घेतली ते मला आठवत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला, धक्काही लागला नव्हता. "येतील परत, दीड-दोन महिने लागतील," ते म्हणाले, आणि मग हसू दाबत म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं होतं?" "हात दुखला," ओजस म्हणाला.

घरी येऊन तो आतल्या खोलीत गेला आणि बाहेर यायचं नाही म्हणाला. आरशात पाहिल्यावर त्याला कळलं होतं की एक डोळा मुलाचा झाला आहे आणि एक मुलीचा राहिला आहे, आणि हे आधीपेक्षा वाईट आहे. फिरायला नाही, अंगणात नाही, तान्ह्या पोळ्याला तर मुळीच नाही. बैल कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "अर्धनारीनटेश्वर झाला वं आपला," आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मोटर बघायला गेले.

मी टॅब गव्हाच्या कोठीत पुरला. मग इंग्रजीत पत्र लिहायला बसले, त्या भेंडीवाल्या कंपनीला. मुद्दे एक ते अकरा. मुद्दा सात पापण्यांचा. मी आयुष्यात बरीच पत्रं लिहिली, पण इतकं चांगलं पत्र त्याआधी किंवा त्यानंतर माझ्या हातून झालं नाही. संध्याकाळी ओजसच्या पलंगावर बसून मी ते त्याला मराठीत समजावून वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ राजा, या लोकांनी तुला चुकीचं सांगितलं. पापण्या मुलींच्याच असतात असं त्यांनी तुझ्या मनात भरवलं. मी त्यांना सोडणार नाही." ओजसने नीट ऐकून घेतलं. तो फार न्यायी मुलगा होता, अजूनही आहे.

"त्यांनी नाही सांगितलं, आजी," तो म्हणाला. "ते फक्त चित्र काढतात. सांगितलं तू."

"मी?"

"आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा. तू म्हणालीस, देवानं चूक केली, या पापण्या सईला द्यायच्या होत्या, मुलाला काय करायच्यात. मग सगळे हसले. मग तू चहा ठेवला."

वर अंगणातल्या लोकांची बोलणी मी क्रमाने लिहिली आहेत आणि "पाच-सहा जणांनी काही ना काही म्हटलं" असं म्हणून पुढे गेले आहे. त्यातलं एक वाक्य माझं होतं. लिहिताना ते हात आपोआप टाळतो, हे बघून मला आजही नवल वाटतं. सगळ्यांत मोठ्याने तेच म्हटलं गेलं होतं, कारण माझा आवाज वर्गाचा आहे. ते मी कौतुकाने म्हटलं होतं, पण कौतुकाचा रकाना माझ्या वहीत नव्हता. मी पत्राची घडी घातली. ओजसचं पांघरूण सारखं केलं, आणि ते सारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल आली. विमल मागच्या गल्लीतली. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, इंग्रजीत मी तिला दोनदा नापास केलेली. नवरा पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला, आठवड्याने घरी येणारा, त्यामुळे शेती हीच करते. कपाशीच्या ओळींमधून बैलजोडीने तण काढायचा डवरा चालवायचा, बैल धुवायचे, गाडी जुंपायची, सगळं हीच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्यांना आमंत्रण देतात. ती त्यासाठी तुम्हाला बोलवायला आली होती. "बाई, पोट्ट्यायले धाडजा संध्याकाळी. बैलाले आवतन द्याचं हाय."

मी तिला आतल्या खोलीतली हकिगत सांगितली. पापण्यांचं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं. ती हसली नाही. खोलीच्या दारात गेली. "काऊन बे ओजस, येत नाई का?"

"नाही. माझे डोळे वेगवेगळे आहेत."

"बैलाले काय करायचं हाय तुह्या डोयाचं? तो का फोटो काढून राह्यला तुहा? ये गुमान."

ओजसने विचार केला. मग तो माझ्या कपाटाकडे गेला. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतरचा काळा चष्मा मी डबीत, डबीवर चिठ्ठी लावून ठेवला होता. तो त्याने घातला. चष्मा त्याच्या गालांच्याही बाहेर गेला होता आणि मागून दोरीने बांधावा लागला. तसा तो संध्याकाळी सईचा हात धरून निघाला. वाटेत दोनदा खांबाला धडकला. रस्त्यावरच्या एका म्हातारबांनी त्याला ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं म्हणून विचारलं. "उजव्या," ओजस म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

विमलच्या गोठ्यात बैल धुऊन बांधलेले होते. हळदीचा, लोण्याचा आणि शेणाचा वास. ओजस इतके दिवस बैलांपासून दहा हात लांब राहायचा. विमलने त्याला उचललं आणि गव्हाणीच्या कडेवर बसवलं, थेट चांद्या बैलाच्या तोंडासमोर, आणि लोण्याची वाटी हातात दिली. काळ्या चष्म्यातून त्याला वाटीही दिसेना. लोणी त्याने बैलाच्या नाकाला लावलं. चांद्याने जीभ काढून चाटलं. ओजस दचकला, चष्मा कपाळावर गेला, आणि तो तसाच थांबला. वीतभर अंतरावर चांद्याचा डोळा होता. लिंबाएवढा, काळाभोर, ओला. आणि त्यावर ओळीने, सरळ, खाली झुकलेल्या पापण्या. ओजसच्या होत्या त्याहून दुप्पट लांब. डोळ्यावर माशी बसली. पापण्या एकदा खाली आल्या, माशी गेली.

मी सिंदीत जन्मले. बैलांच्या मध्येच वाढले. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"विमलमावशी, ही मुलगी आहे?" ओजसने विचारलं.

"हा? हा बैल हाय ना बा. दिवसाले तीन एकर डवरते हा."

"मग याला पापण्या कशाला?"

"माशा बसते, धूळ उडते. पापण्या नसत्या तं दिवसभर डोये चोळत बसला असता. मंग काम कोन केलं असतं, तुहे आजोबा?"

ओजस बैलाकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात, जसं काही बैलाला ऐकू जाऊ नये, त्याने विचारलं, "याला कोणी हसत नाही?"

"याले कोन हसन बा?" विमल म्हणाली. "शिंगं पाह्यले का त्याचे?"

पोळ्याच्या दिवशी दाराला पळसाच्या फांद्या लावल्या, पुरणपोळ्या, वडे, कढी केली. विमलच्या बैलांना पहिलं ताट. ओजसने चांद्याला पोळी दिली आणि त्याने ती एका घासात घेतली, ताटाला चिकटलेला केळीच्या पानाचा तुकडाही घेतला. ओजस काळा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच सगळं करत होता. पण तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्याने बैल भिंतीकडून वळवला आणि स्वयंपाकघरात आला. हातात केरसुणीच्या मूठभर काळ्या काड्या. "आजी, या कापून दे. अशा," त्याने बोटाने माप दाखवलं, "आणि दोन्ही डोळ्यांना सारख्या." मी खिळ्यावरून कात्री काढली. पहिल्या तीन वेळा काड्या लहान-मोठ्या झाल्या. त्याने त्या परत केल्या. चौथ्या वेळेला पास झाले. डिंकाने त्याने त्या एकेक चिकटवल्या. सई कमरेवर हात ठेवून उभी. "परीक्षकांना गाय वाटेल. बक्षीस जाईल."

"त्यांना सांगू," ओजस म्हणाला.

शाळेच्या मैदानात साठेक बैल ओळीने लागले होते. विजेचे दिवे लावलेले, आरसे लावलेले, एकाच्या पाठीवर तर छोटा कूलर फिरत होता. ओजस आपला बैल घेऊन ओळीत उभा राहिला, डोळ्यांवर मोतीबिंदूचा चष्मा. दोन्ही बाजूंची मुलं त्याच्याकडे बघत होती आणि मी बायकांच्या बाजूने दोरीला धरून उभी होते. दोरी घातली होती ती गर्दीला मागे ठेवण्यासाठी. मला तिचा आधार झाला. परीक्षक होते नामदेवराव, ऐंशीच्या घरातले शेतकरी. त्यांच्याबरोबर माईकवाला, कारण प्रत्येक मुलाला नाव विचारून ते लाऊडस्पीकरवर ऐकवायची पद्धत होती. नामदेवराव ओजसच्या बैलापुढे थांबले, वाकले, पापण्या पाहिल्या.

"काय बा," ते माईकवर म्हणाले, "सारे बैल आणून राह्यले, तू गाय आणली का?"

मैदान हसलं. दोन्ही बाजूंची मुलं तर इतकी हसली की एकाचा बैल आडवा झाला. मला वाटलं, आता हा दोरी टाकून पळणार. सईने ओठ चावलेला मला दिसला. ओजस पळाला नाही. हसणं थांबेपर्यंत तो थांबला आणि मग माईककडे तोंड करून, त्याच्या त्या परदेशी सुराच्या मराठीत म्हणाला, "बैल आहे. बैलाला पापण्या असतात. तुम्ही बैल पाहिला नाही का कधी?"

आता मैदान नामदेवरावांना हसलं. ते मात्र हसले नाहीत. "थांबजो," म्हणाले, माईक माईकवाल्याकडे दिला आणि मैदानाला लागून असलेल्या आपल्या घराकडे, गोठ्याकडे निघून गेले. साठ मुलं, साठ बैल, सगळं गाव उन्हात उभं. दहा मिनिटांनी ते धोतराचा सोगा सावरत परत आले. माईक घेतला. "पोट्टं बराबर सांगून राह्यलं," ते म्हणाले. "साठ वर्षं झाले बैल पाऊन राह्यलो. इकत घेताना दात पाह्यले, खूर पाह्यले, शिंगं पाह्यले, खांदा पाह्यला. डोये नाई पाह्यले कधी." मग खाली वाकून, जरा मवाळ आवाजात, पण माईक तोंडाशीच होता, "अन् तू काऊन काळा चष्मा घातला रे बेटा? तुहे बी दाखव."

ओजसने चष्म्यामागच्या दोरीची गाठ सोडली. चष्मा काढला. एक डोळा पापण्यांचा, एक डोळा बोडका. पुढच्या रांगेतली माणसं मान पुढे करून बघायला लागली.

"कापल्या," ओजस माईकवर म्हणाला. "माझी चूक झाली."

मी दोरीखालून कशी गेले, मला माहीत नाही. सदुसष्टाव्या वर्षी नऊवारी नसली तरी पाचवारीत वाकणं सोपं नसतं. मी ओजसजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चूक त्याची नाही. पापण्या मुलीला शोभतात, मुलाला काय करायच्या, असं त्याला मी म्हटलं होतं. चूक माझी आहे." मला वाटलं होतं मी हे नामदेवरावांना सांगते आहे. माईक मध्ये होता हे लक्षात नव्हतं, आणि माझा आवाज मुळातच वर्गाचा. ते स्टेशनपर्यंत गेलं असणार. गर्दीत माझ्या हाताखालून गेलेल्या तीन पिढ्या उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकालाही मी कधी स्वतःची चूक कबूल केल्याचं आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मागून विमलचा आवाज आला, "बाई, कागदावर लिहून द्या हे!" आणि आजोबांनी भर गर्दीत टाळी वाजवली, एकच.

मला अजून बोलायचं होतं. मुद्दे सुचत होते. पण ओजसने माझा पदर धरून खाली ओढला.

"आजी, पुरे," तो कुजबुजला. "लोक बघतायत."

मग चष्मा माझ्या हातात देऊन, दोरी खांद्यावर घेऊन, तो बैल ओढत पुढे गेला.